वाचकांचे प्रश्न : रणगाड्यावरचा चिखल कोणत्या गावचा?

गेल्या अंकात आम्ही १:३५ प्रमाणातील लष्करी वाहनांच्या प्रतिकृती जुळवण्याविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे जुळवणीविषयी नसून त्यापुढच्या टप्प्याविषयी आहेत. रंगवून झालेल्या प्रतिकृतीवर ऊन, पाऊस, धूळ, चिखल, तेल आणि माणसांची ये-जा यांच्या खुणा उमटवण्याच्या या कामाला आपल्याकडेही सगळे ‘वेदरिंग’ म्हणतात. तोच शब्द येथे ठेवला आहे. पत्रलेखकांची नावे न देता केवळ गाव दिले आहे.

कोल्हापूर : स. न. वि. वि. १९६५ च्या युद्धात असल उत्तर येथे चिखलात फसलेला पॅटन रणगाडा मी करायला घेतला आहे. तामिया या कंपनीचे एम-४८ ए३ (पॅटनचाच एक प्रकार) चे किट वापरले. चिखलासाठी पन्हाळ्याकडच्या मातीसारखा तांबडा-तपकिरी रंग तयार करून सर्व चाकांवर आणि पट्ट्यांवर (चाकांभोवती फिरणाऱ्या ट्रॅकवर) लावला. एका मित्राने ‘हा रणगाडा पंजाबात नव्हे, पन्हाळ्यावर फसलेला दिसतो’ असे सांगितले. त्याचे म्हणणे बरोबर आहे का? आता काय करता येईल?

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे, आणि प्रतिकृती करणाऱ्या प्रत्येकाला असा एखादा मित्र असावा. असल उत्तर ज्या भागात आहे तो खेमकरणचा परिसर हिमालयातून येणाऱ्या नद्यांनी आणलेल्या गाळाचा आहे. ती माती वाळल्यावर फिकट, करड्या-पिवळसर छटेची होते आणि ओली असताना गडद करड्या-तपकिरी रंगाची दिसते. सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्या मातीचा तांबडेपणा तिच्यात नसतो.

रंगापेक्षाही महत्त्वाचा आहे तो प्रसंग. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या दिवसांत झालेल्या या लढाईत आपल्या ४ माउंटन डिव्हिजनने घोड्याच्या नालेच्या आकाराची बचावफळी उभारली होती आणि शेतांमध्ये पाणी सोडून जमीन दलदलीची केली होती. पाकिस्तानचे पॅटन उसाच्या उभ्या पिकातून पुढे सरकताना त्या चिखलात रुतले. म्हणजे आपल्या रणगाड्यावर एकाच वेळी दोन प्रकारची माती असणार. टरेटच्या (तोफ बसवलेल्या फिरत्या भागाच्या) माथ्यावर आणि इंजिनाच्या झाकणावर आधीच्या दिवसांच्या वाटचालीची कोरडी, फिकट धूळ असेल, आणि चाकांच्या मधोमध, पट्ट्यांच्या आतल्या बाजूला व पोटाखाली ताजा, ओला, चकाकणारा चिखल असेल. आपण सर्वत्र एकच रंग एकाच जाडीने लावल्यामुळे या दोन्हींतील फरक नाहीसा झाला आहे. फसलेल्या रणगाड्याचे पट्टे जागच्या जागी फिरत राहतात. त्यामुळे माती मागच्या बाजूला उडून मडगार्डच्या शेवटाला खालून थापली जाते, पण टरेटच्या बाजूंवर ती क्वचितच पोहोचते.

तांबडा थर खरवडू नये. तो पूर्ण वाळला असेल तर त्यावरच काम करता येईल. रॉ अंबर, यलो ऑकर आणि थोडा पांढरा अशा ऑइल रंगांचे पातळ मिश्रण करून आधी तांबडी छटा मारून टाकावी. कॅमलचे आर्टिस्ट ऑइल रंग यासाठी पुरेसे चांगले आहेत. फक्त ते आधी जाड पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवावेत, म्हणजे त्यांतील जवसाचे तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि रंग मॅट वाळतो. त्यानंतर पिगमेंट (रंगाची कोरडी पूड), थोडे प्लास्टर आणि ॲक्रिलिक मॅट मीडियम यांचे दाट मिश्रण जुन्या ब्रशने खालच्या भागात दाबून बसवावे. ते वाळले की त्याच्या काही भागांवरच, जेथे पाणी साचून राहिले असेल अशा खोबणींमध्ये, गडद छटेचे मिश्रण ग्लॉस वार्निशमध्ये कालवून लावावे. ओलेपणा हा चकाकीने दिसतो, नुसत्या गडद रंगाने नव्हे.

ऊस कसा मोडतो हे कोल्हापूरच्या वाचकाला आम्ही सांगण्याची गरज नाही. १:३५ प्रमाणात अडीच मीटरचा ऊस सुमारे ७१ मिलिमीटरचा होईल, मीटरभर लांबीचे पान सुमारे २९ मिलिमीटरचे आणि त्याची पाच सेंटिमीटरची रुंदी जेमतेम दीड मिलिमीटरची. पातळ कागदाच्या अशा पट्ट्या कापून, सप्टेंबर असल्यामुळे हिरव्याच रंगवून, त्यांतील चार-दोन चिरडलेल्या अवस्थेत पट्ट्यात अडकवल्या तर फसल्याची गोष्ट चिखलाइतकीच त्या पानांमधून कळेल.

एक गोष्ट मात्र नमूद करणे भाग आहे. ए३ हा डिझेल इंजिनाचा नंतरचा प्रकार आहे आणि त्याच्या मागच्या भागाची व इंजिनाच्या झाकणाची ठेवण १९६५ च्या पाकिस्तानी एम-४८ पेक्षा वेगळी आहे. मागची बाजू चिखलात खोल बसलेली दाखवली तर फरकाचा काही भाग झाकला जाईल, पण इंजिनाचे झाकण वरून दिसतच राहील. पुढच्या वेळी हाच प्रसंग करायचा असेल तर एम-४७ या आधीच्या पॅटनचा विचार करावा; तोही या लढाईत होता आणि त्याचे किट इटालेरी या कंपनीने पूर्वीपासून काढले आहे.

ठाणे : शर्मन रणगाड्याच्या प्रतिकृतीला टर्पेन्टाइनमध्ये कालवलेला ऑइल रंगाचा वॉश (खोबणींत उतरणारा पातळ हात) दिला. दुसऱ्या दिवशी पुढच्या चाकाचा दांडा आपोआप तुटलेला आढळला, आणि चार दिवसांत मागचा आयडलरही (पट्टा ताणून धरणारे चाक) निखळला. किट सदोष होते का?

उत्तर : किट सदोष असण्याची शक्यता कमी वाटते. ताण पडलेल्या पॉलिस्टायरीनवर टर्पेन्टाइनसारखा द्रव साचून राहिला की तो सूक्ष्म भेगांमध्ये शिरतो आणि प्लॅस्टिक ठिसूळ होऊन ताणाच्या जागी तुटते. आपण पत्रात पुढे लिहिले आहे की किटसोबतचा मऊ, एकसंध पट्टा ओढून बसवावा लागला. तोच पट्टा रात्रंदिवस पुढच्या आणि मागच्या चाकाला आत खेचत होता आणि वॉश नेमका तेथेच, चाकामागच्या खोबणीत, साचला होता. दोन्ही कारणे एकत्र आली.

यापुढे वॉश देण्यापूर्वी संपूर्ण प्रतिकृतीवर ग्लॉस वार्निशचा अखंड थर द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. वॉश अंगभर ओतू नये. बारीक ब्रशच्या टोकाने केवळ रिव्हेटभोवती, जोडांवर आणि कडांच्या सावलीत सोडावा. केशाकर्षणाने तो स्वतःच रेषेत पळतो, आणि ते पाहणे हा या छंदातील एक निखळ आनंद आहे. हार्डवेअरच्या दुकानातील टर्पेन्टाइनऐवजी गंधरहित व्हाइट स्पिरिट वापरावे. जेथे ताण आहे तेथे पट्टे वेदरिंग झाल्यावरच बसवावेत. तुटलेल्या दांड्यात ०.८ मिलिमीटरचे छिद्र पाडून पितळी तार घालावी आणि सायनोॲक्रिलेट गोंदाने चिकटवावी. हा सांधा मूळच्या सांध्यापेक्षा भक्कम होतो.

पुणे : हेअरस्प्रेच्या पद्धतीने रंगाचे टवके उडवायला शिकलो आणि मला ते फारच आवडले. मात्र एका प्रदर्शनात परीक्षकांनी ‘टवके अति झाले’ असा शेरा दिला. किती टवके म्हणजे योग्य?

उत्तर : आकड्यांनी सुरुवात करू. आपल्या प्रतिकृतीवरील एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावरील साडेतीन सेंटिमीटर. आपण पाठवलेल्या छायाचित्रात टरेटच्या बाजूवरचे टवके दोन ते तीन मिलिमीटरचे दिसतात. म्हणजे खऱ्या रणगाड्यावर तळहाताएवढा रंग जागोजागी उडालेला असावा लागेल. कारखान्यात लावलेला रंग सपाट पत्र्यावरून असा सुटत नाही. तो सुटतो तो झाकणांच्या कडांवरून, मडगार्डच्या कोपऱ्यांवरून, ओढसाखळीच्या हुकांवरून, फावडे-पहारी अडकवण्याच्या चिमट्यांखालून. म्हणजे जेथे धातूवर धातू, बूट किंवा हात रोज घासतो तेथून.

हेअरस्प्रेची पद्धत स्वतः वाईट नाही. खालचा रंग, त्यावर हेअरस्प्रेचे दोन पातळ थर, त्यावर पाण्याने पातळ केलेला ॲक्रिलिक रंग, आणि तो पुरता कडक होण्याआधी ओल्या ब्रशने किंवा टोकदार काडीने घासणे, हा क्रम मोठ्या झिजेसाठी उत्तम आहे. विशेषतः बर्फाळ प्रदेशातील वाहनांवर हंगामापुरता फासलेला पांढरा रंग झिजलेला दाखवायचा असेल तर याला तोड नाही. मात्र कडांवरील बारीक टवके स्पंजच्या तुकड्याने टिपून किंवा शून्य क्रमांकाच्या ब्रशने एकेक काढूनच प्रमाणात राहतात. आम्ही स्वतः टवका आधी मूळ रंगाच्या फिकट छटेने काढतो आणि त्यातील मोजक्याच टवक्यांच्या मध्यभागी गडद तपकिरी ठिपका ठेवतो. वरवरचे ओरखडे आणि धातूपर्यंत गेलेले ओरखडे यांतील फरक त्यामुळे दिसतो. भडक नारिंगी गंज वापरात असलेल्या रणगाड्याच्या अंगावर दाखवू नये. त्याची जागा सायलेन्सरवर आहे.

रत्नागिरी : जुलैमध्ये शेवटचा मॅट वार्निशचा हात दिला आणि संपूर्ण प्रतिकृतीवर पांढरे धुके पसरल्यासारखे झाले. सहा महिन्यांचे काम वाया गेले का?

उत्तर : वाया गेलेले नाही. लॅकर प्रकारच्या वार्निशमधील द्रावक झपाट्याने उडते, त्यामुळे पृष्ठभाग थंड होतो आणि कोकणातल्या जुलैच्या हवेतील बाष्प त्यावर जमून थरात अडकते. मॅट वार्निशमध्ये प्रकाश विखुरणारी पूड असते. बाटली नीट न हलवल्यास किंवा जाड हात दिल्यासही पांढरेपणा येतो. कोरड्या हवेच्या दिवसाची वाट पाहावी आणि ग्लॉस वार्निशचा पातळ हात द्यावा; बहुतेक वेळा धुके त्यातच विरून जाते. त्यानंतर पुन्हा मॅटचे दोन अगदी हलके हात द्यावेत. लॅकरमध्ये रिटार्डर (वाळणे लांबवणारे द्रावक) मिसळल्यास तो सावकाश वाळतो आणि बाष्प अडकत नाही.

पावसाळ्यात कोकणात वार्निश फवारूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते महिने जुळवणीसाठी, पट्ट्यांचे दुवे साफ करण्यासाठी आणि वाचनासाठी राखून ठेवावेत. पूर्ण झालेली प्रतिकृती सिलिका जेलच्या पुड्या घालून काचेच्या बंद पेटीत ठेवावी. तळाच्या जमिनीसाठी खरे शेवाळ किंवा कणकेची खळ वापरली असेल तर तेथे बुरशी धरते. ती जागा आधी तपासावी.

नाशिक : माझ्या बारा वर्षांच्या मुलाला रणगाड्यांचे वेड आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : पितळी पत्र्याचे सूक्ष्म भाग आणि एकेक दुवा जोडून करायचे पट्टे ज्यात नाहीत असे साधे किट निवडावे. भाग स्प्रूवरून (भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरून) पिळून तोडू न देता निपरने, म्हणजे छोट्या कापणीच्या पकडीने, कापायला शिकवावे. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आणि ब्रश एवढेच साहित्य द्यावे. एअरब्रश आणि लॅकर थिनर पुढे कधीतरी. कापडी किंवा साधा धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही, त्यासाठी सक्रिय कोळशाचे फिल्टर असलेला मास्क लागतो, हे घरातील मोठ्यांनीही लक्षात ठेवावे. डिकल (चिन्हे व आकड्यांची चिकटचित्रे) नेहमी चकचकीत पृष्ठभागावर लावावेत. मॅट रंगावर लावल्यास त्यांच्याखाली हवा राहते आणि ते चंदेरी दिसतात.

आणि एक दिवस त्याला अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात घेऊन जावे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात रोल्स रॉइसच्या चिलखती गाडीपासून मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन आणि पॅटनपर्यंत वाहने हाताच्या अंतरावर पाहता येतात. उघड्यावर मांडलेल्या वाहनांवर वेळोवेळी नवा रंग चढवला जातो, त्यामुळे रंगछटा तेथून शिकू नये. पण ओतीव पोलादाचा खडबडीतपणा, वेल्डिंगच्या ओबडधोबड रेषा आणि एका दुव्याची जाडी ही पुस्तकातून कळत नाही. वाकून मडगार्डच्या खाली पाहायला त्याला जरूर सांगावे.

कऱ्हाड : सादर नमस्कार. माझे वडील सैन्यात टी-७२ रणगाड्याचे चालक होते आणि निवृत्तीपूर्वीची काही वर्षे त्यांनी नगरला काढली. त्यांच्यासाठी तामियाचे टी-७२ एम१ चे किट जुळवून रंगवले. त्यांनी ते बराच वेळ हातात धरून पाहिले आणि म्हणाले, ‘छान झालाय, पण हा अजून डेपोतून बाहेर पडलेला नाही.’ आता तो बाहेर काढायचा आहे. आमच्या शेतातील काळी माती वापरली तर चालेल का? आणि झीज नेमकी कोठे दाखवू?

उत्तर : ताई, आपल्या पत्रातील वडिलांचे वाक्य आम्ही कार्यालयात सर्वांना वाचून दाखवले. वेदरिंगविषयी यापेक्षा नेमके कोणी आम्हाला सांगितलेले नाही.

काळी माती अवश्य वापरावी. नगरच्या सरावक्षेत्राची जमीन आणि आपले शेत दोन्ही दख्खनच्या पठाराचीच आहेत, त्यामुळे येथे घरची माती ही सोय नसून योग्य निवड आहे. माती आधी तव्यावर कोरडी तापवून घ्यावी, म्हणजे ओल आणि त्यातील जीव मरतील. मग ती खलात कुटून मलमलीतून दोनदा गाळावी. अर्ध्या मिलिमीटरचा कण या प्रमाणात पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो, म्हणून ती पिठासारखी झाल्याशिवाय वापरू नये. काळ्या मातीचा स्वभाव आपल्याला ठाऊकच आहे : ओली असताना ती काळीभोर आणि चिकट असते, पण वाळून भुगा झाली की राखाडी दिसते. म्हणून वरच्या सपाट भागांवरील धूळ राखाडी ठेवावी आणि पट्ट्यांच्या खोबणीत चिकटून राहिलेली माती गडद ठेवावी. मॅट मीडियममध्ये कालवल्यावर रंग बदलतो, तेव्हा आधी पुठ्ठ्यावर नमुना काढून तो वाळल्यावर पाहावा.

झिजेविषयी. टी-७२ चा धुराडा डाव्या मडगार्डच्या मागच्या भागात आहे. त्याच्या मागे आणि आसपास काजळीचा थर अगदी पातळ पिगमेंटने द्यावा. उजव्या मडगार्डवरील इंधनटाक्यांच्या झाकणांभोवती डिझेल सांडल्याचे डाग असावेत. ते बर्न्ट अंबर ऑइल रंगाने आधी मोठे व फिकट, त्यात लहान व गडद, आणि अगदी मध्यभागी थोड्या ग्लॉस वार्निशसह ताजे, अशा तीन हातांत काढावेत. जुन्या डागावर धूळ बसते आणि नव्यावर ती अजून बसलेली नसते, एवढे सांभाळले की डागाला वय येते. मागच्या दातेरी चाकाच्या दातांवर आणि पट्ट्याच्या जमिनीला टेकणाऱ्या कडांवर मऊ पेन्सिलचे ग्रॅफाइट बोटाने घासावे. रोड व्हीलच्या (पट्ट्यावरून धावणाऱ्या खालच्या चाकांच्या) कडा रबराच्या आहेत, तेथे धातूची चमक दाखवू नये.

उरलेले प्रश्न आम्हाला विचारू नका, वडिलांना विचारा. रणगाड्यावर चढताना ते पाय कोठे ठेवत, हात कशाला धरत, चढल्यावर बुटाचा चिखल कोठे झाडत, पाण्याचा डबा कोठे अडकवत? चालकाची जागा पुढे मधोमध आहे. तेव्हा समोरच्या उतारावर त्यांच्या बुटांची रोजची एक वाट पडलेली असणार. त्या वाटेवर धूळ कमी, रंग गुळगुळीत आणि झाकणाच्या कडेला, जेथे तळवा टेकत असे, तेथे थोडी तेलकट चकाकी असेल. ही वाट कोणत्याही छायाचित्रात सापडणार नाही. प्रतिकृती त्यांच्यासमोर ठेवा, मऊ ब्रश आणि थोडी राखाडी पूड हाताशी असू द्या, आणि ते बोट ठेवतील तेथेच काम करा.

चालकाचे झाकण मात्र आत्ता चिकटवू नका. नगरच्या उन्हात ते डोके बाहेर काढून चालवत की झाकण लावून, हे त्यांनी सांगितल्यावरच ते बसवा. आणि उघडे ठेवायचे ठरले तर आतल्या बाजूचा रंग कोणता होता, हेही त्यांच्याकडूनच समजून घ्या.